शरदातून हेमंतात

शरद ऋतू नेमका कधी सुरू होतो, हा प्रश्न मराठीच्या वर्गात दर वर्षी निघतो आणि दर वर्षी आम्ही त्याचे उत्तर पुस्तकातून देतो. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, मार्गशीर्ष-पौष म्हणजे हेमंत. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'चे सहा सर्ग ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतापाशी संपतात, त्यांत शरद तिसरा. मग कोणी विद्यार्थी विचारतो, की इंग्रजीतल्या 'ऑटम'ला शरद म्हणावे काय? तिकडची पानगळ आपल्याकडे शिशिराच्या वाट्याला येते, एवढे सांगून आम्ही मर्ढेकरांच्या 'शिशिरागम' (१९३९) या पहिल्या संग्रहाकडे वळतो. साताऱ्यात शिकवताना हे वळण टाळता येत नाही, कारण मर्ढेकरांचे मूळ गाव मर्ढे याच जिल्ह्यातले. तास संपतो. ऋतू खिडकीबाहेर राहतो.

गेल्या वर्षी तो खिडकीबाहेर राहिला नाही, त्याचे कारण आई.

श्रावणात पोथी वाचताना आईंना ओळी मध्येच वाकलेल्या दिसू लागल्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आम्ही पंधरा-वीस दिवस दवडले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती, त्यामुळे तोही संशय नव्हता. अखेर तपासणीत कळले, की दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानाने होणारी झीज आहे. तिच्या ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शने देतात, आईंचा प्रकार कोरडा. त्यात गेलेली नजर परत आणणारा उपाय नाही. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितले, "मधलं जाईल, कडा राहतील." त्याचा अर्थ आम्हांला घरी आल्यावर कळला. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा आईंना दिसत नसे, पण त्याच्या मागे खुंटीला अडकवलेली पिशवी दिसत असे.

येथे एक व्याकरणाची अडचण नोंदवून ठेवायला हवी. आमच्यापैकी एकाच्या त्या आई, दुसरीच्या सासूबाई. हाक दोघांचीही 'आई' अशीच. पण एक 'आई म्हणाली' असे म्हणतो आणि दुसरी 'आई म्हणाल्या'. दोघांनी मिळून लिहायचे म्हटल्यावर एक रूप निवडणे भाग होते. आदरार्थी निवडले आहे. त्यामुळे पोटच्या मुलाच्या बोलण्यातली सलगी थोडी हरवते, हे मान्य.

डॉक्टरांकडून आल्यावर आम्ही एक यादी केली. आईंना काय काय दाखवायचे, त्याची. कास, माहुलीचा संगम, खटावकडचे मामांचे शेत. नजर आहे तोवर पाहून होऊ दे, असा आमचा हेतू. तो वाईट नव्हता. पण त्या यादीत आमच्या समाधानाचा वाटा किती आणि आईंच्या इच्छेचा किती, हे आम्ही तपासले नाही. त्यांना विचारलेही नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कासला गेलो. पठार साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवर. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचे स्थान मिळाले, त्यातल्या ३९ ठिकाणांपैकी हे एक. कासा नावाच्या वृक्षावरून हे नाव पडले असे सांगतात; 'ऋतुसंहारा'तल्या शरदाची खूण असलेले काश म्हणजे पांढऱ्या तुऱ्यांचे गवत, त्याचा याच्याशी संबंध नाही. विद्यार्थी ही गल्लत हमखास करतात. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम पातळ थर असतो, त्यात मोठी झाडे धरत नाहीत. म्हणूनच पावसाळ्याच्या अखेरीस एवढ्याशा रोपट्यांना सगळे पठार मोकळे मिळते. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. सीतेची आसवे ही वनस्पती कीटकभक्षी आहे, ही माहिती आमच्या मुलीने आजीला पुरवली. "आसवं आणि किडे खातात?" आईंनी विचारले आणि त्या बराच वेळ हसत राहिल्या.

मग आम्ही वर्णन करू लागलो. दोन एम. ए., दोघांची मिळून चाळीस वर्षांची अध्यापकी. आणि तोंडातून निघाले ते 'गालिचा', 'रंगांची उधळण', 'निसर्गाचा चमत्कार'. वर्गात असले शब्द निबंधात आले, तर आम्ही त्यांखाली लाल रेघ ओढतो. आईंनी दोन-तीन वाक्ये ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "फुलं कशी आहेत ते नको. कुठं आहेत ते सांगा."

आम्हांला आधी बोध झाला नाही. मुलीला झाला. ती म्हणाली, "आजी, तुझ्या उजव्या पायापासून दोन हातांवर निळी आहेत, खडकाच्या खळग्यात. तू डावीकडच्या माणसांकडे बघ." आईंनी मान डावीकडे वळवली आणि नजरेच्या उजव्या कडेने त्यांना तो निळा ठिपका सापडला. आकार नाही, पाकळी नाही, नुसता रंग. पण तो त्यांनी स्वतः पाहिलेला होता.

पुढचे दोन महिने घरात याच भाषेचा सराव चालला. ताटात घड्याळ आले. भाजी तीनवर, चटणी नऊवर, भात सहावर. विशेषणे कमी झाली, स्थळवाचक क्रियाविशेषणे वाढली. आम्ही घरात एवढे 'अलीकडे, पलीकडे, खाली, लगत' पूर्वी कधी बोललो नव्हतो.

हस्ताचा पाऊस पडून गेला, तरी आभाळ निवळले नाही. कोजागरीला आटीव दुधाची पातेली गच्चीवरून खाली आणावी लागली. पाठ्यपुस्तकातला निरभ्र शरद हल्ली पुढे सरकतो आहे, हे हवामान खात्यानेही एका परीने मान्य केले आहे. वायव्य भारतातून मोसमी पाऊस परतू लागण्याची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबर होती, ती २०२० साली १७ सप्टेंबर करण्यात आली. आईंना तारखेची गरज नव्हती. एका पहाटे त्या म्हणाल्या, "आज पाऊस गेला." कशावरून, असे विचारले. "दाराची कडी सरळ बसली." पावसात फुगलेले लाकूड आटले होते. चाळीस पावलांवरच्या डोंगराकडे आम्ही डोळे लावून बसलो होतो. ऋतू दाराच्या फळीतून आत आला.

दिवाळीत मुलीने अंगणात मातीचा अजिंक्यतारा केला, त्यावर हळीव पेरले. साताऱ्यातल्या मुलांना हा किल्ला करताना चित्र लागत नाही, मान वर केली की पुरते. आईंनी शेजारी पाट घेऊन किल्ल्यावरून बोटे फिरवली आणि दक्षिणेकडचा उतार फार सौम्य झाल्याचे सांगितले. मुलीने तो पुन्हा लिंपला. चकल्या आईंनीच तळल्या. आम्ही नको म्हणत होतो. त्यांचे म्हणणे असे, की चकली झाल्याचे डोळ्यांना नंतर कळते, कानांना आधी कळते. तेलाची चरचर मंदावली की काढायची. एकही घाणा करपला नाही. आमच्या देखरेखीखाली मात्र एक पाक बिघडला.

त्रिपुरी पौर्णिमेला संगम माहुलीला गेलो. कृष्णा आणि वेण्णा यांचा हा संगम, काठावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ, पलीकडे रामशास्त्री प्रभुण्यांचे क्षेत्र माहुली. घाटाच्या पायऱ्यांवर लोक पणत्या लावत होते. आईंना एका पायरीवर बसवले आणि त्यांच्यासमोर, सवयीने, अगदी समोर, पणत्यांची ओळ मांडली.

"नाही दिसत," त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्याने आम्ही दोघेही खचलो. सप्टेंबरपासून शिकलेले सारे त्या क्षणी विसरलो होतो. आईंनीच आमची चूक दुरुस्त केली. त्यांनी पणत्यांवरून नजर काढून नदीच्या काळोखाकडे लावली आणि काही वेळाने म्हणाल्या, "आता दिसतायत. थरथरतायत." दिवा पाहायचा तर दिव्याकडे पाहायचे नाही, हे त्यांनी कोणाकडूनही न शिकता स्वतःशी जमवले होते. तेव्हाच आम्ही विचारले, जे आरंभीच विचारायला हवे होते. "आई, तुम्हांला भीती वाटते का?"

"वाटते की," त्या म्हणाल्या. "पण अंधाराची नाही. तुम्ही सारखं मला शेवटचं दाखवताय, त्याची वाटते."

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. घरी येऊन आम्ही ती यादी फाडली.

त्या आठवड्यात वर्गात दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) शिकवायचे होते. आजवर आम्ही त्यातल्या भाषेच्या लालित्यावर बोलत आलो. या वेळी विद्यार्थ्यांना नुसत्या नोंदी काढायला सांगितल्या: कोणते झाड, कोणता महिना, काय बदलले. फळ्यावर ती नावे लिहीत गेलो, तसे लक्षात आले, की ते लालित्य या नोंदींवर उभे आहे. आधी झाड कोठे आहे हे ठाऊक असणे, मग त्याविषयी लिहिणे. आम्ही इतकी वर्षे दुसऱ्या पायरीपासून शिकवत होतो. हा शोध समीक्षेच्या दृष्टीने फार मोठा नाही. आम्हांला तो उशिरा लागला एवढेच.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला चातुर्मासानंतरचे पहिले वांग्याचे भरीत झाले. डिसेंबरच्या अखेरीस मामांचा निरोप आला, शाळूचा हुरडा धरला आहे, या. यादी नव्हती, त्यामुळे आम्ही आधी आईंना विचारले, जायचे का? "हुरडा आहे म्हटल्यावर विचारता काय?"

आगटीभोवती बसलो. भाजलेली कणसे मामी हातावर चोळत होत्या, आईंनी एक मागून घेतले आणि चटका सोसत स्वतः चोळले. मधला भाग आणखी पुसट झाला आहे, हे त्या दिवशी आम्हांला जाणवले. मूठ ताटाबाहेर रिकामी झाली आणि दाणे मातीत गेले. कोणी काही म्हटले नाही. मुलीने ताट त्यांच्या हाताखाली सरकवले.

"शाळू केवढा झालाय?" आईंनी विचारले.

आमच्यापैकी एकाच्या ओठांवर 'डोलणारी कणसे' आली होती. ती गिळून तो म्हणाला, "तुमच्या डोक्याच्या वर वीतभर. बांधापासून विहिरीपर्यंत सगळा."

आईंनी विहिरीच्या विरुद्ध दिशेला मान वळवली आणि शेत पाहिले.