खड्ड्यावाचून कोचिनिता

युकातानच्या माया भाषेत ‘पीब’ म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी आणि ‘पिबिल’ म्हणजे त्या भट्टीत शिजवलेलं. मेक्सिकोच्या आग्नेयेकडच्या या द्वीपकल्पातला सर्वांत नावाजलेला पदार्थ म्हणजे कोचिनिता पिबिल. नावातला पहिला शब्द स्पॅनिश, डुकराच्या पिल्लासाठीचा, दुसरा माया. म्हणजे नावानेच अट घातली आहे, की खड्डा हवा. शहरातल्या घरात, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहून जो हा पदार्थ करू पाहतो त्याची पंचाईत या अटीपासूनच सुरू होते. मी तो घरच्या ओव्हनमध्ये करते, आणि खड्डा गेल्यावर पदार्थातलं नेमकं काय जातं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझं मत असं, की खड्डा ही या पदार्थातली सर्वांत देखणी गोष्ट आहे, पण सर्वांत गरजेची नाही. गरजेची आहे ती कोंडलेली वाफ, सावकाश उतरत जाणारी आंच आणि आंबट-लाल वाटण. खड्ड्याबाबत तडजोड केली तर पदार्थ बदलतो. या तिन्हींबाबत केली तर तो बिघडतो.

आधी खड्डा काय करतो ते पाहायला हवं. उत्तर युकातानमध्ये जमीन म्हणजे चुनखडीचा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर. त्या कठीण जमिनीत खड्डा करतात, लाकूड रचतात, त्यावर दगड ठेवतात आणि लाकडाचे निखारे होईपर्यंत दगड तापू देतात. मग वाटण चोळलेलं, केळीच्या पानांत गुंडाळलेलं मांस भांड्यात घालून त्या दगडांवर उतरवायचं, वर पुन्हा पानं, पत्रा, आणि शेवटी माती ओढून सगळं बुजवून टाकायचं. एकदा बुजवलं की उघडून पाहायची सोय नाही. दगडांनी साठवलेली उष्णता आरंभी सर्वांत जास्त असते आणि मग तासातासाने कमी होत जाते. ओल पानाबाहेर पडत नाही, त्यामुळे मांस भाजलं जात नाही, स्वतःच्याच रसाच्या वाफेत शिजतं. म्हणूनच याला ‘भाजलेलं डुकराचं मांस’ म्हणणं मला पटत नाही. हे दमावर शिजवलेलं मांस आहे. ज्यांनी अलिबाग-पेणकडची पोपटी खाल्ली आहे त्यांना पाल्यात कोंडलेल्या वाफेचा वास वेगळा समजावून सांगायला नको. फरक वेळेचा. पोपटीचं काम तासाभरात होतं, पिबला रात्र लागते.

पहिला आक्षेप परंपरेचा आहे, आणि तो हलका नाही. माया लोकांनी शतकानुशतकं जपलेलं शिजवण्याचं तंत्र विजेच्या पेटीत कोंबायचं आणि वर नाव तेच ठेवायचं, हे त्या लोकांवर अन्याय करणारं नाही का? ज्यांचं जेवण आधी हिणवलं गेलं आणि मग जगाने उचललं, त्यांनी हा प्रश्न विचारावा हे रास्तच आहे. पण या पदार्थाचा स्वतःचा इतिहास पाहिला तर परंपरा म्हणजे न बदलणं, असं त्यात दिसत नाही. कोलंबसाच्या 1493च्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर डुकरं उतरली, त्याआधी अमेरिकेत पाळीव डुक्कर नव्हतंच. स्पॅनिशांनी 1542मध्ये तिहो या माया नगरीच्या जागी मेरिदा शहर वसवलं, आणि त्यानंतर हा प्राणी युकातानच्या परसात रुळला. त्याआधी खड्ड्यात जात होतं ते हरीण, टर्की आणि रानडुकरासारखा दिसणारा पेकरी. म्हणजे ‘कोचिनिता’ हीच मुळात बदली आहे. केळही आग्नेय आशियातलं. स्पॅनिशांनी 16व्या शतकात ते कॅरिबियनमध्ये नेलं. आज ज्या पानावाचून पिबिलची कल्पना करवत नाही, ते पान या भट्टीत उशिरा आलेलं आहे.

आंबटपणाचं तर त्याहून नवल. पिबिलला लागतं ते आंबट नारिंग, स्पॅनिशमध्ये ‘नारांहा आग्रिया’. हे फळ आशियातलं. अरबांनी ते स्पेनला नेलं आणि स्पेनने अमेरिकेला. ‘नारांहा’ हा शब्द संस्कृत ‘नारंग’चाच वंशज, आपल्या ‘नारिंग’चा सख्खा भाऊ. गोव्यातल्या विंदालूची गोष्टही याच घराण्यातली आहे: नाव पोर्तुगीज लसूण-वाइनच्या मुरवणीवरून आलेलं, मिरची अमेरिकेतली, आणि आंबटपणा मात्र माडीपासून केलेल्या व्हिनेगरचा, कारण तिथे तेच हाताशी होतं. गोव्याच्या आणि युकातानच्या स्वयंपाकिणींनी एकमेकींना न पाहता एकच शहाणपण दाखवलं. मिळेल ते घेतलं, पण आंबट, मसाला आणि चरबी यांचा तोल सोडला नाही. त्यामुळे घरी आंबट नारिंग मिळालं नाही, तर दोन भाग संत्र्याचा रस, एक भाग लिंबाचा आणि चमचाभर व्हिनेगर घेण्यात मला गुन्हा वाटत नाही. मात्र नुसतं संत्रं घेतलं तर मांस गोडसर लागतं आणि नुसत्या लिंबाने टोचरं. आंबट नारिंगात एक कडवट सुगंध असतो, त्याची थोडी भरपाई संत्र्याच्या सालीचा पातळ तुकडा रसात टाकल्याने होते.

जिथे मी बदली मान्य करत नाही ती जागा म्हणजे लाल वाटण, ‘रेकादो रोहो’. त्याचा आत्मा आहे अचिओते, म्हणजे बिक्सा ओरेयाना या अमेरिकी झाडाच्या बिया. मराठीत या झाडाला शेंद्री म्हणतात. पण सावध राहायला हवं, कारण शेंद्री हे नाव आपल्याकडे कपिला नावाच्या औषधी झाडालाही आहे. त्याच्या फळांवरची लाल भुकटी रेचक आणि जंतनाशक म्हणून वापरतात, ती जेवणात घालायची नाही. आपल्याला हवी ती शेंद्री काटेरी, लालसर, बदामाच्या आकाराच्या बोंडाची, आत लाल बियांनी भरलेली. या बिया दगडासारख्या कडक असतात. त्या रात्रभर गरम पाण्यात भिजवून, लसूण, मिरी, जिरं, लवंग, ऑलस्पाइस, ओरेगानो आणि मीठ यांच्यासोबत वाटून, जमल्यास गाळून घ्याव्या लागतात. अनेक जण त्याऐवजी काश्मिरी मिरची घालतात आणि रंग तोच आला म्हणून समाधान मानतात. इथेच घोटाळा होतो. अचिओतेचा रंग चरबीत विरघळतो, म्हणून मांसातून सुटलेली चरबी केशरी होते आणि प्रत्येक धाग्यापर्यंत पोचते. त्याची चव मातकट, किंचित मिरीसारखी असते. शिवाय रेकादो रोहोमध्ये मिरची नसते. हा पदार्थ मुळात तिखट नाहीच. तिखट वेगळं, हबानेरो मिरचीच्या चटणीत किंवा आंबट रसात मुरवलेल्या लाल कांद्यात, आणि ते खाणाऱ्याने आपल्या हाताने घ्यायचं. मटणाच्या रश्शाची सवय असलेल्या आपल्या हाताला हे जड जातं, पण मिरची वाटणात शिरली की नारिंग आणि लवंग दोन्ही ऐकू येईनाशी होतात.

आता आंचेकडे. डुकराच्या खांद्याच्या मांसात संयोजी ऊती भरपूर असतात, आणि तो तुकडा यासाठीच घ्यायचा. मांस 60 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की स्नायूंचे धागे आक्रसतात आणि पाणी बाहेर ढकलतात; या टप्प्यावर थांबलं तर मांस चिवट लागतं. 70 अंशांच्या पुढे कोलाजेन हळूहळू जिलेटिन व्हायला लागतं, पण या बदलाला तापमानाइतकाच वेळ लागतो. आतलं तापमान 90 ते 95 अंशांवर पोचून तिथे काही काळ राहिलं, की तेच जिलेटिन धाग्यांभोवती बसतं आणि पाणी गमावलेलं मांसही रसदार लागतं. खड्डा हे काम आपोआप करतो. घरी ते मुद्दाम करावं लागतं. दोन किलो खांद्याच्या तुकड्यांना साधारण 30 ग्रॅम मीठ, वाटण आणि कपभर आंबट रस लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. केळीची पानं विस्तवावर फिरवून मऊ करायची, म्हणजे घडी घालताना ती चिरत नाहीत. जाड बुडाच्या भांड्यात पानं अशी अंथरायची की त्यांची टोकं बाहेर लोंबतील, मांस रचून ती टोकं वरून दुमडायची आणि झाकणाच्या कडेला कणीक लावून ते बंद करायचं. ओव्हन 160 अंशांवर सुरू करावा आणि तासाभराने 140वर आणावा, एवढ्याचसाठी की दगडांची उतरती उष्णता थोडी तरी तिथे यावी. चार तासांच्या आत झाकण उघडू नये. काटा लावला की मांस आपोआप सुटायला हवं. सुटत नसेल तर आणखी अर्धा तास. मग धागे सोडवून ते भांड्यातल्या केशरी रसातच परत कालवायचे. तो रस टाकून देणं म्हणजे निम्मा पदार्थ टाकून देणं.

इथे मराठी स्वयंपाकघरातला स्वाभाविक प्रश्न येतो: चार तास कशाला, कुकर आहे की. हा आक्षेप माझ्याच युक्तिवादावर बसतो, म्हणून तो टाळता येत नाही. गरज कोंडलेल्या वाफेची असेल, तर कुकरइतकी वाफ कोण कोंडतं? कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जातं आणि पाऊण तासात खांदा मऊ होतो, हे खरं आहे. पण त्या जास्त उष्णतेत धागे अधिक आवळतात आणि अधिक पाणी सोडतात. मांस सुटतं, पण तोंडात कोरडं लागतं, आणि भांड्यात पातळ रस साचतो जो नंतर आटवावा लागतो. पानाचा वासही मांसात मुरायला वेळ मिळत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी भूक लागलेली असताना कुकरमधलं मांस कोणी केलं तर मी नाक मुरडणार नाही. ते चांगलं जेवण आहे. पण कोंडलेली वाफ आणि उतरती आंच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुकर त्यातली पहिलीच देतो. तीन तासांची घाई ज्याला टाळता येईल त्याने टाळावी.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप धुराचा. खड्ड्याचा वास ओव्हनमध्ये कुठून आणणार, म्हणून बाटलीतला द्रवरूप धूर घालण्याची पद्धत बाहेर रूढ झाली आहे. मला ती चुकीच्या समजुतीवर उभी आहे असं वाटतं. पिबमध्ये मांस जातं तेव्हा लाकूड जळून निखारे झालेले असतात, मांस पानांत गुंडाळलेलं असतं आणि वरून माती. धूर तिथे मुख्य नाही. पान, ओली माती आणि तापलेला दगड यांचा एक दबका वास असतो. अमेरिकी बार्बेक्यूमध्ये मांस तासन् तास धुरात ठेवतात, तो वेगळा आणि आपल्या जागी उत्तम पदार्थ आहे. बाटलीतला धूर घातल्यावर कोचिनिता त्याची नक्कल होते. पानाचा वास वाढवायचा असेल तर पानंच जास्त घालावीत, दुहेरी थर द्यावा.

एक गोष्ट मात्र चवीची नाही, आरोग्याची आहे. डुकराच्या मांसातून पोर्क टेपवर्मचा संसर्ग होतो. त्याची अंडी पोटात गेली तर अळ्या मेंदूतही पोचतात, आणि भारतात मिरगीसारख्या झटक्यांमागचं ते एक ठाऊक कारण आहे. आंबट रसात मुरवल्याने या अळ्या मरत नाहीत. 71 अंशांच्या पुढची उष्णता त्यांना मारते, आणि इथे आपण त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून ‘मंद आंच’ म्हणजे ‘अर्धवट शिजलेलं’ ही भीती या पदार्थाला लागू पडत नाही. मात्र कच्चं मांस विश्वासाच्या ठिकाणाहूनच घ्यावं आणि हात, पाट, सुरी वेगळी धुवावी.

मग नावाचं काय? मेरिदासारख्या शहरातल्या घरोघरी खड्डा नाही. तिथेही अनेक घरांत कोचिनिता ओव्हनमध्ये किंवा गॅसवर होते आणि ती कोचिनिताच असते. तरीही ‘पिबिल’ हा शब्द मी माझ्या भांड्याला लावत नाही. तो शब्द एका कृतीचं नाव आहे, आणि ती कृती मी करत नाही. पाहुण्यांना वाढताना ‘ओव्हनमधली कोचिनिता’ म्हणणं पुरेसं आहे. त्याने पदार्थाला कमीपणा येत नाही आणि ज्यांनी पहाटे माती उकरून पानं उघडली त्यांचं श्रेय त्यांच्याकडेच राहतं. ज्यांना युकातानला जाण्याचा योग येईल त्यांनी रविवारी सकाळी बाजार गाठावा. शनिवारी रात्री पुरलेली कोचिनिता तिथे सकाळी पावात किंवा मक्याच्या तोर्तियात भरून विकतात, आणि दुपार व्हायच्या आत ती बहुधा संपलेली असते.