दोन इंच तीन सूत

चाळीसगावच्या एका सुताराच्या मुलाला अंकगणित दोन जागी शिकायला मिळालं. शाळेत तो ‘दोन पूर्णांक तीन अष्टमांश’ असं वाचायचा. घरी तेच माप ‘दोन इंच तीन सूत’ होतं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. वडील दाराच्या चौकटी, खिडक्या, बैलगाडीची चाकं करायचे. दोन इंच तीन सूत रुंदीच्या सहा पट्ट्या काढायच्या तर फळी केवढी हवी? वडील कागद मागत नसत. दोन आठे सोळा, वर तीन, एकोणीस सूत. एकोणीस सक एकशे चौदा, म्हणजे सव्वाचौदा इंच. करवतीच्या भुशात जाणारं लाकूड वेगळं धरायचं, हे ते बजावून सांगायचे.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं अंशाधिक अपूर्णांकात रूपांतर करणं म्हणतात ते हेच. पूर्णांकाला छेदानं गुणा, अंश मिळवा, छेद तोच ठेवा. शाळेत हा नियम फळ्यावर आला आणि मुलांनी पाठ केला. तो करायचा कशासाठी, हे कुणी विचारलं नाही आणि गुरुजींनी सांगितलंही नाही. सुताराच्या मुलाला मात्र उत्तर आयतंच मिळालं होतं: सगळं माप एकाच बारक्या तुकड्यात मोजलं की गुणाकार सरळ होतो.

तिसरं गणित संध्याकाळचं. दिवेलागणीला आजोबा परवचा म्हणून घ्यायचे. पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. या पाढ्यांचा पसारा मोठा होता आणि बाजारात तो खरोखर उपयोगी पडायचा. साडेतीन रुपये शेराचे आठ शेर म्हटल्यावर अठ्ठावीस हे उत्तर जिभेवर असायचं. औटकी पाठ असणाऱ्याला छेदाची आठवणही होत नसे. अपूर्णांकाचा पूर्णांकाशी गुणाकार असेपर्यंत हे छान चालतं. औटाला औटानंच गुणायची वेळ आली की पाठांतर दमतं.

अडीच गुणिले अडीच किती, हे आजही एखाद्या वर्गात विचारून पाहावं. बरीच मुलं सव्वाचार म्हणतात: दोन दुणे चार, अर्ध्याचा अर्धा पाव. अडीच हात लांब, अडीच हात रुंद चटई काढून दाखवली की फसगत उघडी पडते. दोन-दोन हातांचा चौरस चार, दोन्ही कडांच्या अर्ध्या हाताच्या पट्ट्या एक आणि एक, कोपऱ्यात उरलेला पाव, एकूण सव्वासहा. सव्वाचार म्हणणारा त्या दोन पट्ट्या विसरतो. अडीच म्हणजे पाच अर्धे असं आधी लिहिलं तर विसरायला जागाच राहत नाही. पाच पाचे पंचवीस, खाली चार.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तेव्हा तो मराठी शाळेत होता. रुपयाचे आणे सोळा, नवे पैसे शंभर. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा, पुन्हा तेच पंचवीस छेद चार! पाव पैशाचं नाणं नसल्यामुळे एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस असं कोष्टक ठरलं. चार आण्यांना बरोबर पंचवीस. एकेक आणा सुटा मोडणाऱ्याला चार आण्यांमागे चोवीसच पैसे मिळायचे. चार वेळा पाव बुडाला की पैसा जातो, हे पोरांच्याही लक्षात यायला वेळ लागला नाही.

पुढे त्यानं घरचा धंदा सोडला आणि पुण्याकडच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा, त्यामुळे नकाशे मिलिमीटरमध्ये येत. हाताखालची कित्येक अवजारं मात्र इंचाची होती. दोन इंची म्हणून मिळणारा लोखंडी पाइप बाहेरून मोजला तर दोन इंच भरत नाही. तो भरतो दोन इंच तीन सूत. फिटरला त्याचं नवल वाटेनासं होतं, पण नकाशावर ६०.३ मिलिमीटर दिसलं की मेळ घालावाच लागतो. इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणून सूत ३.१७५ मिलिमीटरचा; एकोणीस सुतांचे ६०.३२५. इंच वेगळे आणि वरचे तीन सूत वेगळे असा हिशेब त्यानं कधीच केला नाही.

त्याचं लग्न लांबलं तेव्हा आईनं पत्रिका दाखवली आणि साडेसाती निघाली. शनी तीस वर्षांत बारा राशी फिरतो, म्हणून एका राशीत पाच अर्धे वर्षं. तीन राशींत पंधरा अर्धे, म्हणजे साडेसात. ज्योतिष त्याला फारसं पटलं नाही, हिशेब पटला.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या जत्रेला तो लहानपणापासून जात असे. पाटणच्या शिलालेखाचं मोल मात्र त्याला उशिरा कळलं. शके ११२८ चा हा लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची ही नोंद. लेखाच्या अखेरीचा भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारात येणाऱ्या मालावरच्या करातला कोणता वाटा मठाचा, ते त्यात नोंदलं आहे.

त्या ग्रंथांतल्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, हाच नियम आहे: पूर्णांकाला छेदानं गुणून अंश मिळवावा किंवा वजा करावा. यातलं वजा करणं आजच्या पाठ्यपुस्तकात गळालं आहे. भास्कराचार्यांनी उदाहरणाला घेतलेल्या संख्या दोन अधिक पाव आणि तीन उणे पाव अशा आहेत. सव्वादोन आणि पावणेतीन! पहिलीचे नऊ चतुर्थांश, दुसरीचे अकरा. हस्तलिखितांत पूर्णांक वर, त्याखाली अंश, त्याखाली छेद अशी उतरंड असायची, मध्ये रेघ नसायची आणि वजा करायच्या अंकाच्या डोक्यावर टिंब असायचं.

कॅल्क्युलेटर आल्यापासून २.३७५ लिहून मोकळं होता येतं. आठव्या हिश्शाच्या बाबतीत ते ठीकच आहे. दोन पूर्णांक एक तृतीयांश आलं की दशांश संपता संपत नाहीत. सात छेद तीनला तिनानं गुणलं तर नेमके सात येतात. बीजगणित सुरू झालं की मुलं पूर्णांकयुक्त रूप आपोआप टाकून देतात, कारण अक्षराशेजारी ते ठेवलं तर गुणाकार की बेरीज हेच कळत नाही.

तरी पाचवी-सहावीच्या पुस्तकांत पावणेतीन हे तीन उणे पाव म्हणून यायला हवं. मराठी मूल घड्याळ बघून रोज तेच बोलतं. दोन चोक आठ आणि तीन अकरा, असं करण्यापेक्षा तीन चोक बारातून एक काढणं त्याला सोपं जाईल. शिक्षकांनी तसं करू द्यावं आणि उत्तरपत्रिकेत तशी रीत दिसली तर पूर्ण गुण द्यावेत.