सगळेच ‘के’

१२ मे
दुपारी बाहेर पडायची सोय नाही, एवढं ऊन. जवळच्या पुलावरच्या गाड्यांचा आवाज तेवढा चालू. कवी भा. रा. तांब्यांच्या कवितांच्या संकेतस्थळाचं काम पुढे ओढलं. तांबे १९४१ साली गेले, त्यामुळे मृत्यूनंतरची स्वामित्वहक्काची ६० वर्षं २००१ अखेर संपली. कविता आता कुणीही मांडावी. खालच्या मजल्यावरच्या काकांनी किंडल या वाचनयंत्रावर उघडून पाहिलं आणि जिन्यातूनच ओरडले, “अरे, ती वरची चित्रं सरकतात नि सगळं पान काळं-पांढरं होतं! वाचू कधी?”

१३ मे
सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. पान मागताना ब्राउझर आपली ओळख पाठवतो, तिला यूझर-एजंट म्हणतात. काकांच्या यंत्राची ओळख सुरू होते ‘मोझिला’ने, मग ॲपलवेबकिट, ‘गेकोसारखा’, सफारी, आणि पार शेवटी ‘किंडल/३.०’. हा गोंधळ १९९०च्या दशकातला. तेव्हा काही स्थळं चांगली पानं फक्त नेटस्केपला देत, आणि नेटस्केप स्वतःला मोझिला म्हणवी. मग इंटरनेट एक्स्प्लोररनेही तेच नाव लावलं, पुढे सगळ्यांनीच. लग्नात जेवायला मिळावं म्हणून वरपक्षाचं आडनाव सांगावं, तसं. कोबो हे दुसरं वाचनयंत्रही आपलं खरं नाव शेवटीच सांगतो. म्हणजे किंडल वा कोबो दिसला की साधं पान द्यायचं. दोन ओळींचं काम.

१५ मे
नाही जमत. २०११चा किंडल फायर नावात किंडल लावतो, पण त्याचा पडदा रंगीत, टॅबलेटचा. उलट बूक्स या वाचनयंत्राचा पडदा किंडलसारखाच ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा नि हळू बदलणारा, पण आत अँड्रॉइड आणि साधा क्रोम, त्यामुळे तो फोनवाल्यांतच मिसळतो. त्यातून २०२३पासून क्रोम अँड्रॉइड यंत्राचं मॉडेलच लपवतो, सॅमसंग असो की बूक्स, सगळ्यांपुढे ‘अँड्रॉइड १०, के’. काकांना दाखवलं असतं तर म्हणाले असते, हा बघ किंडल! लपवणं मला तरी रास्तच वाटतं. कोण कशावर वाचतो, याच्याशी स्थळाला काय करायचंय?

१६ मे
पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये पडद्यालाच विचारता येतं: तू हळू बदलतोस का? ‘अपडेट: स्लो’. एकरंगी आहेस का, हेही. प्रश्न योग्य, नावापेक्षा पडदा महत्त्वाचा. पण काकांचा ब्राउझर २०१०च्या आसपासच्या वेबकिटवरचा; ‘अपडेट’ची भाषा त्याच्यानंतरची. उत्तर येणार नाही.

१८ मे
ओळखायचं सोडलं. सरकती चित्रं सगळ्यांसाठीच काढली. एका पानावर एक कविता, खाली ‘मागची’ आणि ‘पुढची’ असे ठळक दुवे. बोटाने पान सरकवत बसायला नको, ई-इंकवर त्याचा माग उरतो. फोनवरही हे पान आधीपेक्षा लवकर उघडतं. यूझर-एजंट आता फक्त नोंदीत राहील, त्यावरून काही ठरणार नाही.

काकांनी तपासलं. “हां, आता ठीक. पण दुवे नि कवितेत जागा ठेव, बोट भलतीकडेच लागतं.” ते उद्या.