पदराची गाठ

कपाटाची किल्ली आज तिसऱ्या दिवशी सापडली, तांदळाच्या डब्यात. तांदूळ काढताना मीच ती हातातून खाली ठेवली असणार. पण तो क्षण मला आठवतच नाही. किल्ली मिळाली, तो क्षण मात्र मिळाला नाही, आणि त्याचीच हुरहूर लागून राहिली आहे.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजलं आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पाठ केलेलं सर्वांत वेगाने गळतं ते सुरुवातीलाच, पहिल्या तासाभरात, असं त्याला दिसलं. माझी किल्ली तर पाठ झालीच नव्हती. हात ठेवत होता तेव्हा मन भलतीकडेच होतं. जे मनाने टिपलंच नाही, ते आठवायचं कुठून?

आई पदराला गाठ मारायची. दळण आणायचंय, वाण्याचे पैसे द्यायचेत, की मारली गाठ. काम झालं की ती सुटायची. शेवटच्या वर्षांत मात्र गाठ दिवस दिवस तशीच राहायची. ती बोटांनी चाचपत बसायची. "काहीतरी होतं गं," म्हणायची. मी घाईघाईने गाठ सोडून पदर सारखा करून द्यायचे. तिच्याशेजारी थोडं बसायला हवं होतं.

तिची अंजिरी साडी याच कपाटात आहे. आज काढून पाहिली. पदराच्या टोकाला एक चुणी आहे. गाठीची की घडीची, कळत नाही. इस्त्री न करता परत ठेवली.