उडती लाथ किती कामाची?

आमची मुलगी आठवीत आहे. वर्षभरापासून ती वूशू शिकायला जाते. वूशू म्हणजे चिनी युद्धकला. तिच्या वर्गात दोन शाखा आहेत. एक ताओलू, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम एकट्याने करून दाखवायचा आणि त्यावर गुण मिळवायचे. दुसरी सान्दा, म्हणजे हातमोजे आणि छातीला संरक्षक बांधून समोरच्याशी खरी लढत. आमच्या मुलीचा जीव ताओलूत रमला आहे. हवेत उडून, गिरकी घेऊन, आपल्याच तळपायावर टाळी वाजवत ती लाथ मारते तेव्हा शेजारची मुलं खेळ सोडून बघत राहतात. तिच्या दादीने मात्र एकदा सरळच विचारलं, ‘‘बेटा, दिसायला फार छान आहे. पण वाटेत कुणी हात धरला, तर तू उडेपर्यंत तो थांबणार आहे का?’’

प्रश्न साधा होता, पण आम्हा दोघांना तो सोडवेना. मुलगी शिकवणीहून अंधार पडल्यावर घरी येते. तिला या वर्गात घातलं ते व्यायामासाठी, हे खरं. पण मनात कुठेतरी ‘स्वतःला सांभाळेल’ हा विचारही होताच. आम्ही पेशाने शिक्षक. म्हणून पुस्तकं चाळली, लढती पाहिल्या, थोडं गणितही केलं.

गणितापासूनच सुरुवात करू. समजा, कुणी अर्धा मीटर उंच उडी मारली. गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने तो माणूस साधारण ०.६४ सेकंद हवेत राहतो. डोळ्यांनी पाहून अंग हलवायला सावध माणसाला सुमारे पाव सेकंद पुरतो. म्हणजे बाजूला सरकायला समोरच्याकडे वेळ उरतो. उडणाऱ्याकडे मात्र काहीच उरत नाही. पाय जमिनीवरून सुटला की दिशा बदलता येत नाही, कारण रेटा द्यायला खाली जमीनच नसते. लाथेतला जोरही जमिनीला दिलेल्या रेट्यातूनच येतो. त्यात पाठीवर दप्तर, पायात चप्पल आणि रस्त्यावर खडी असेल, तर पुढचं सांगायला नको.

चिनी लोकांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. सोळाव्या शतकात मिंग राजवटीत छी जिग्वांग नावाचा सेनापती होऊन गेला. किनाऱ्यावर लूटमार करणाऱ्या चाच्यांशी त्याने अनेक लढाया केल्या. सैनिकांच्या तालमीवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने दिखाऊ, नक्षीदार डावांवर कडक टीका केली; रणांगणात ते काही उपयोगाचे नाहीत असं त्याचं मत होतं. पण त्याच ग्रंथात त्याने निःशस्त्र लढतीचे ३२ पवित्रेही दिले. कशासाठी? लढाई जिंकायला नव्हे, तर हातपाय मोकळे व्हावेत, अंगाला सवय लागावी म्हणून. लढण्याचा डाव वेगळा आणि अंग घडवण्याचा डाव वेगळा, हा फरक त्या सेनापतीने साडेचारशे वर्षांपूर्वीच ओळखला होता.

मग इतक्या उड्या आल्या कुठून? एक वाट रंगभूमीची. पेकिंग ऑपेरात योद्ध्याची भूमिका करणाऱ्या नटाला कोलांट्या आणि उड्या लहानपणापासून शिकवतात. जॅकी चॅन आणि सामो हंग हे हाँगकाँगचे नट अशाच ऑपेरा शाळेत वाढले आणि तिथली उडी त्यांच्याबरोबर पडद्यावर आली. दुसरी वाट सरकारी क्रीडाखात्याची. १९५० च्या दशकात चीनमध्ये स्पर्धांसाठी ठरावीक संच बांधले गेले आणि जिम्नॅस्टिक्ससारखे गुण देण्याची पद्धत आली. जेट ली हा बीजिंगच्या वूशू संघात तयार झालेला राष्ट्रीय विजेता. १९८२ चा ‘शाओलिन टेंपल’ हा त्याचा चित्रपट गाजला आणि घराघरांतल्या मुलांना उडावंसं वाटू लागलं. आजच्या ताओलू स्पर्धेत हवेत ३६०, ५४०, ७२० अंश फिरून उतरण्याला अवघडपणाचे गुण असतात. उतरताना तोल गेला की गुण कापले जातात. या सगळ्यात समोर कुणी मारणारा नसतो. म्हणून उडी उंच होत जाते.

वाचता वाचता आम्हाला आपल्याच माणसांची भेट झाली. चीनमधल्या हुई मुसलमानांचं या कलेत मोठं नाव आहे. त्यांच्या परंपरेतली ‘थानथुई’ म्हणजे स्प्रिंगसारखी झटकन सुटणारी लाथ. तिचे दहा छोटे पाठ असतात. प्रत्येक पाठात दोन-चारच हालचाली. त्याच डावीकडून, उजवीकडून, पुन्हा पुन्हा करायच्या. लाथ सरळ आणि खालून जाते, गुडघ्याच्या किंवा नडगीच्या उंचीवर. तिच्याबरोबरच हाताचा ठोसाही सुटतो. समोरच्याची नजर हातावर जाते आणि पाय आपलं काम करून परत येतो. यात दिखाऊ काही नाही. तरीही ती इतकी पायाभूत मानली गेली की, १९१० मध्ये शांघायला स्थापन झालेल्या जिंगवू संस्थेने आपल्या शागिर्दांच्या सुरुवातीच्या पाठांत थानथुई ठेवली.

याच हुई परंपरेत ‘चाछुआन’ नावाची शैली आहे आणि तिच्यात उड्याही आहेत. या शैलीचे नामांकित उस्ताद वांग झिपिंग. १८८१ मध्ये हबेई प्रांतातल्या त्सांगचौ इथे हुई घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९२८ मध्ये नानजिंगच्या केंद्रीय युद्धकला संस्थेत शाओलिन विभागाचे ते प्रमुख झाले. ते हाडं बसवणारे वैद्यही होते आणि १९७३ पर्यंत जगले. म्हणजे आपल्याच लोकांत खालची लाथही होती आणि उडतीही. दोन्हींचं भांडण नव्हतं. क्रम ठरलेला होता.

तो क्रम आम्हाला आमच्या वर्गावरून लगेच कळला. उर्दू शिकवताना आधी अलिफ-बे गिरवून घेतो. खुशनवीसी, म्हणजे सुंदर लफ्फेदार अक्षर, पुढे येतं. किराण्याची यादी कुणी खुशनवीसीत लिहीत नाही. पण ज्याने खुशनवीसीची मशक केली, त्याचा हात यादी लिहितानाही थरथरत नाही. उडत्या लाथेचं असंच आहे. गिरकीच्या लाथेत कंबर वळते, मांडीला ताकद येते, हवेत तळहात नेमका तळपायावर पडावा लागतो आणि उतरून तोल सावरावा लागतो. यातली उडी काढून टाका. कंबरेचा तोच वळसा जमिनीवरच्या लाथेला जोर देतो. दुहेरी उडत्या लाथेत पहिला पाय हूल देतो आणि दुसरा लागतो. ही हूल साधं पाऊल टाकूनही देता येते.

विरुद्ध बाजूचाही एक दाखला द्यायला हवा. दागिस्तानचा मुस्लिम सलिखोव हा सान्दातला जगज्जेता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मकाऊच्या लढतीत त्याने गिरकी घेऊन मारलेल्या लाथेने चिनी प्रतिस्पर्ध्याला पहिल्याच फेरीत आडवं केलं. तेव्हा त्याचं वय ४० होतं. म्हणजे नेत्रदीपक लाथ लागूच शकत नाही असं म्हणणं चूक ठरेल. पण तिच्यामागे आयुष्यभराची मेहनत होती, समोर एकच माणूस होता आणि पंच उभा होता. शिवाय सान्दात लाथ पकडून माणसाला खाली पाडणं हा नियमात बसणारा डाव आहे. म्हणून तिथले कसलेले खेळाडूही उंच लाथ जपूनच वापरतात.

आता दादीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याजवळ आहे: नाही, तो थांबणार नाही. आणि हे मुलीला स्पष्ट सांगणं ही आई-बापांची जबाबदारी आहे. कार्यक्रमांत मुली उडून कौलं फोडतात, टाळ्या पडतात आणि कुणीतरी माईकवरून सांगतं, ‘‘आता आपल्या मुली सुरक्षित झाल्या.’’ या वाक्याची आम्हाला खरी भीती वाटते. ज्या मुलीचा त्यावर विश्वास बसेल, ती जिथून पळायला हवं तिथे उभी राहील. आणि वाईट काही घडलंच, तर लोक तिलाच विचारतील, ‘‘शिकली होतीस ना, मग?’’ दोष ज्याचा आहे तो बाजूला राहील आणि हिशोब मुलीकडे मागितला जाईल.

म्हणून आम्ही तिच्या उड्या बंद केल्या नाहीत. उडताना तिचा चेहरा खुलतो, ही काही छोटी कमाई नाही. पण आठवड्यातला एक दिवस आता वेगळ्या धड्यांचा असतो. मोठ्याने ओरडणं. धरलेला हात समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटक्यात सोडवणं. नडगीवर एक खालची लाथ. आणि मग उजेडाकडे, माणसांकडे पळत सुटणं. हे सगळं चप्पल घालून, दप्तर पाठीवर घेऊन करायचं. पहिल्या दिवशी ती वैतागली, ‘‘अम्मी, यात काही मजाच नाही!’’ खरंच नाही. थानथुईतही मजा नसावी, म्हणून तर ती शेकडो वेळा करून घेतात.

ज्या घरांतली मुलं असे वर्ग करतात, त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे. उस्तादांना जरूर विचारा, यातलं प्रदर्शनासाठी काय आणि बचावासाठी काय? उडी शिकवताना खाली गादी असते का? अंग गरम करून घेतात का? उतरायला आधी शिकवतात की उडायला? गिरकी घेऊन एका पायावर उतरताना गुडघ्याचे अस्थिबंध फाटू शकतात, आणि वयात येणाऱ्या मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. जो उस्ताद या प्रश्नांनी चिडत नाही, शांतपणे उत्तरं देतो, त्याच्या हाती मूल बिनघोर सोपवावं. उडायला तो शिकवेलच. जमिनीवर पाय कसे ठेवायचे, हेही शिकवेल.