त्रेसष्ट नंबरचा आजार

ऑटोमॅटिक गाडीला क्लचचे पेडल नसते, म्हणून गिअर बदलण्याचे काम संपते असे नाही. ते फक्त ड्रायव्हरच्या पायाखालून निघून गिअरबॉक्सच्या पोटात जाते. तिथे तेलाचा दाब क्लचच्या चकत्या आवळतो आणि सोडतो. तेलाने कोणत्या वाटेने जायचे हे सोलेनॉइड ठरवतात. सोलेनॉइड म्हणजे अंगठ्याएवढी विजेची झडप. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, मधोमध लोखंडी दांडी. वीज मिळाली की दांडी सरकते, वीज गेली की स्प्रिंग तिला जागेवर आणते.

चार गिअरच्या कित्येक जुन्या जपानी गाड्यांत असल्या दोन झडपांवर चारही गिअरांचा कारभार चाले. फक्त पहिलीला वीज, तर पहिला गिअर. दोघींना वीज, तर दुसरा. फक्त दुसरीला, तर तिसरा. कुणालाच नाही, तर चौथा. हे कोष्टक मला पहिल्या दिवसापासून आवडले. शाळेत गणित कधी एवढे गोड लागले नव्हते.

मी हे शिकलो शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, एका लहानशा गॅरेजात. उस्ताद श्रीवर्धनकडचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांची चूल तेव्हा आखातातून येणाऱ्या ड्राफ्टवर पेटायची, त्यातलेच एक माझे आणि एक त्यांचे.

१९९९ च्या जुलैत मंडणगडकडचा एक शिंपी जुनी गाडी घेऊन आला. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांना पोचवायचे ते याच गाडीने. सकाळी गाडी ठाकठीक. दुपारी अर्धा तास चालली की पहिल्या गिअरमध्ये बोंबलत राही आणि मग एकदम चौथ्यात उडी घेई. इंजिन धापा टाकी. दुसऱ्या एका गॅरेजाने सांगितले होते, चकत्या जळाल्या, गिअरबॉक्सच बदला. त्या पैशात त्याचे सुट्टीवर घरी जायचे तिकीट जाणार होते. दोन वर्षे तो घरी गेला नव्हता.

चाचांनी आधी तेलाची पट्टी काढली. तेल लाल होते, जळका वास नव्हता. "चकत्या जळल्या असत्या तर नाकाला आधी कळलं असतं," ते म्हणाले. मग बॉनेटखालच्या तपासणीच्या डबीतली दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली. डॅशबोर्डवरचा 'ओडी ऑफ'चा दिवा सहा वेळा लुकलुकला, थांबला, मग तीन वेळा. त्रेसष्ट, म्हणजे दुसऱ्या सोलेनॉइडचे सर्किट.

सर्किट, सोलेनॉइड नव्हे. आज माझ्या चिपळूणच्या गॅरेजातली पोरे स्कॅनर लावतात, पडद्यावर 'पी ०७५५' आले की लगेच पार्टला फोन. बिघाड गुंडाळीत असेल, वायरीत असेल, प्लगात असेल किंवा हुकूम देणाऱ्या संगणकात. कोड फक्त मोहल्ला सांगतो, घर आपल्याला शोधावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर मीटर लावला. सोलेनॉइडचे एक टोक प्लगात, दुसरे गिअरबॉक्सच्या अंगालाच. दोन्हींचा रोध १३ ओहम. त्या जातीला ११ ते १५ चालतो, म्हणजे कागदावर दोन्ही निरोगी. चाचा मात्र उठले. "आजारी माणसाला ताप नसताना तपासून काय कळणार? चल, ताप आणू." भर दुपारी एसी लावून चाळीस मिनिटे गाडी पळवली. परत येऊन मोजले, तर पहिला १६. ते बरोबरच, तांबे तापले की रोध वाढतोच. दुसऱ्यावर मीटर काहीच दाखवीना. सर्किट तुटले होते.

पण वायर की गुंडाळी? प्लगापासून झडपेपर्यंतची वायर गरम तेलातून जाते, वर्षानुवर्षे शिजून कडक होते. म्हणून तव्यासारखे तापलेले तेल सांभाळून काढले, तळाचे झाकण उतरवले. चुंबकावर नेहमीची करडी भुकटी होती, धातूचे तुकडे नव्हते. वायर मोजली, अखंड. थेट सोलेनॉइडच्या टोकाला मीटर लावला, तुटलेला. मग आम्ही तिघे तिथेच बसून राहिलो. चहा संपेपर्यंत धातू निवला आणि मीटरवर १४ उमटले. आतली तार गरम झाली की दूर होत होती, थंड झाली की पुन्हा टेकत होती. मीटरकडे बघत शिंपी पुटपुटला, "म्हणजे सकाळी मी खोटा ठरायचो."

नवा सोलेनॉइड दोन बोल्टांवर बसला. बसवण्याआधी चाचांनी त्याला बॅटरी दाखवली, टक् असा आवाज ऐकला. जाळी धुतली, नवे लाल तेल भरले. पुन्हा तीच दुपार, तोच रस्ता. मी गाडी चालवत होतो, चाचा शेजारी बसून बोटांवर मोजत होते. एक. दोन. तीन. चार.

मागून शिंप्याने विचारले, "चाचा, हिशोब किती झाला?"

"हिशोबाला घाई कसली," चाचा म्हणाले. "अजून अर्धा तास फिरू दे. नीट गरम होऊ दे."