ऑटो बंद कर

चि. चिनूस,


रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा ठेवताना वाचला आणि दूध उतू गेलं. "ताई, रेस्क्यू टीम परत खेळलो. काही मजा नाही. आपण एवढे रडायचो कशाला?" आणि पुढे ते दात काढणारं तोंड! रडायचास तू. मी फक्त एकदा रडले, आणि तेही खेळातल्या गार्डेव्हॉयरसाठी. ते तुला ठाऊक आहे. उगाच "आपण" म्हणू नकोस.

तू पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. 2020 साली आलेली आपल्या त्या पोकेमॉन खेळाची नवी आवृत्ती दिसायला सुरेखच आहे, जलरंगातल्या गोष्टीच्या पुस्तकासारखी. त्याबद्दल तक्रार नाही. पण तुझा पोकेमॉन, तो क्यूबोन, आपला आपण चालत होता! वाटेतल्या वस्तू उचलत होता, जिना शोधत होता, आणि समोर कोणी आडवं आलं तरच थांबून तुझी वाट बघत होता. ऑटो मोड लावून तू म्हणे तेवढ्यात मॅगी उकळत होतास. मग मजा येणार कुणाला, क्यूबोनला?

अरे, त्या खेळाचा जीव एकाच नियमात आहे. तू एक पाऊल टाकलंस की समोरचा एक टाकतो. तू थांबून रात्रभर विचार केलास तर तोही रात्रभर थांबतो. म्हणून तर प्रत्येक पावलाला किंमत. हे काही पोकेमॉनवाल्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या पोरांनी 1980 च्या सुमारास 'रोग' नावाचा खेळ लिहिला. त्यात राक्षस म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं, दर वेळी नवं भुयार आणि पोटात भूक. जपानच्या चुनसॉफ्टने तीच रीत उचलून 1993 मध्ये टोर्नेको नावाच्या व्यापाऱ्याला भुयारात उतरवलं, आणि 2005 मध्ये आपल्या पिकाचू-मंडळींना. चित्रं बदलली, भूक राहिली. शंभरावरून पोट उतरत उतरत शून्यावर आलं की पावलागणिक जीव कमी. साधं सफरचंद पन्नास भरतं. आठवतं ना, एक सफरचंद उरलेलं असताना जिना सापडत नव्हता, तेव्हा तू श्वास धरून बसायचास? तुझ्यासाठी दुसरंच कोणी चालत असेल, तर ते सफरचंद तुला कशाला आठवेल?

आणि माउंट फ्रीझचं ते भुयार! दुबईच्या काकांचा तो गेमबॉय, सांगलीचं लोडशेडिंग, बॅटरी संपत आल्याचा लाल दिवा. भुयाराच्या मध्येच यंत्र बंद पडलं की खेळ समजायचा तू बेशुद्ध पडलास. पैसे गेले, पिशवीतलं बरंच सामान गेलं. आजी विचारत होती की पोराला कुणी मारलं का, आणि तू न्हाणीघरातून बाहेर यायला तयार नव्हतास. खेळातल्या गोष्टीत गेंगारने सगळं गाव आपल्यावर उठवलेलं, अलाकझामने पळायला एक रात्र दिलेली, आणि त्यात हे. आता म्हणतोस रडायचो कशाला.

पुढच्या भागांविषयी विचारलंस. 'एक्सप्लोरर्स ऑफ स्काय' घे, गोष्ट जास्त चांगली आहे. पण त्यात ऑटो नाही; तोच हवा असेल तर पैसे वाया घालवू नकोस.

खरं सांगायचं तर मला ऑटोपेक्षाही तुझ्या मेसेजमधलं दुसरंच वाक्य टोचलं. मॅग्मा कॅव्हर्नच्या भुयारात बेशुद्ध पडलास, "मदत मागा" असा पर्याय आला, आणि तू नको म्हणून सगळं सोडून दिलंस. चिनू, खेळाचं नावच रेस्क्यू टीम आहे! सुरुवातीपासून आपण करतो काय? भुयारात अडकलेल्यांची पत्रं पेटीतून काढतो आणि त्यांना आणायला जातो. त्या जुन्या खेळातही पडलेल्याला दुसऱ्या खेळाडूची मदत मागता यायची. भली मोठी अक्षरांची ओळ लिहून घ्यायची, मित्राला द्यायची, तो त्याच्या यंत्रात घालून तुझ्या मजल्यापर्यंत यायचा. त्याने परत एक ओळ द्यायची, मग तू उठायचास. आपल्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडे तो खेळच नव्हता, म्हणून तू यंत्र माझ्या हातात द्यायचास. तीच आपली बचाव मोहीम. आता जगभरातली अनोळखी माणसं तुला न्यायला येऊ शकतात आणि तू नको म्हणतोस!

माझं हे मत तुला आणि मला ओळखणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे, तरी पुन्हा ऐक. मदतीला हाक न मारण्यात काही शौर्य नाही. गेंगार पूर्वी माणूस असताना गार्डेव्हॉयरला टाकून पळाला, ते पाप वाईटच. पण शेवटी तिला सोडवायला त्याने आपलीच मदत घेतली ना? ज्यांच्यामागे गाव लावलं, त्यांचीच. मदत मागणं त्याला जमलं. तुला साधा कावीळ झाल्याचा फोन जमला नाही. बरा झाल्यावर "हो, झाली होती" असं सांगितलंस, जसं काही पावसात शर्ट भिजला होता. कंपनीने माणसं कमी केली तेव्हाही मला आईकडून कळलं, तेही लग्नाच्या पंगतीत.

खेळाच्या सुरुवातीच्या त्या प्रश्नांची उत्तरं तू या वेळीही दिलीस आणि त्यांवरून पुन्हा क्यूबोनच निघालास, हे वाचून तू हसलास म्हणे. मला नाही हसू आलं. मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून एकटा फिरणारा तो जीव. खेळाला एवढं काय कळतं, हे मलाही समजतं. तरी रात्री दीडला, कामाच्या दिवशी, हिंजवडीच्या त्या फ्लॅटवर तू एकटा मॅगी उकळत होतास, हे काही खेळाने सांगितलेलं नाही, तूच सांगितलंस.

तेव्हा ऑटो बंद कर आणि मॅग्मा कॅव्हर्नमध्ये परत उतर. पडलास तर त्या पर्यायावर हो म्हण. मी माझ्या भाच्याच्या स्विचवर खेळ घालून घेते आणि तुला न्यायला येते. आणि डबा लावला आहेस का नाही, ते या रविवारी फोन करून सांग.

तुझी,
ताई